साहेबांच्या डोळ्यांचं माप

अण्णा, तुमच्या डोकेदुखीची मला कधी दया आली नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुपारी लॅबमधून येऊन तुम्ही कपाळाला ओला पंचा बांधून स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर पडायचात आणि आई भाकऱ्या थापायची थांबायची, कारण तो आवाजही तुम्हाला सोसायचा नाही. आम्ही उपाशी. कशापायी? मायक्रोस्कोपच्या डोळे लावायच्या दोन नळ्या डॉक्टरांच्या रुंद चेहऱ्याच्या मापाला लावलेल्या, तुमचा चेहरा अरुंद, म्हणून तुम्हाला एकाचं दोन दिसायचं. बोटानं जवळ ओढल्या असत्या की काम झालं असतं. ते न करता तुम्ही उभा जन्म एक डोळा मिटून लोकांचं रक्त तपासलंत. सहावीत मी तिथं आलतो, खेळता खेळता नळ्या हलवल्या, तर तुम्ही डॉक्टरांसमोर माझ्या कानाखाली काढलीत. "साहेबांनी लावलंय ते. आपण हात लावायचा न्हाय." वर त्यांची माफी मागितलीत, दोनदा. तुम्ही वारलात ते पुढं दोन वर्षांनी, पण माझ्या लेखी त्याच दिवशी संपलात.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. आईला वाटतं डोकं चाललं नाही. खरं म्हणजे कसबा बावड्याची एक मुलगी एका लॅबमध्ये कामाला आहे, म्हणून मीही तिथंच चिकटलो. मी रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा रंगात बुडवून देतो, ती मायक्रोस्कोपखाली बघते. इथल्या डॉक्टरांनी तर नळ्या हलू नयेत म्हणून वर चिकटपट्टीच मारलेली. चार वाजले की ती कानशिलं दाबून बसते, दोनदा तर ओकली. मी तिला तुमची गोष्ट सांगितली, एक डोळा मिटून तुमची नक्कलही केली. ती हसली नाही. म्हणाली, "मग तू सांग की सरांना. तोंड तर लई चालतंय तुझं."

सांगायचं काय त्यात? तिच्यादेखत टराटरा पट्टी ओढून काढली. ती बघत राहिली आणि मी नळ्या हळूहळू जवळ आणल्या. "एकच दिसतंय रे आता," ती म्हणाली. तेवढ्यावर मी दोन दिवस हवेत होतो.

शनिवारी डॉक्टर आले. पट्टी कुणी काढली, एवढंच विचारलं, आवाजही चढवला नाही. मी नळ सोडला आणि धुतलेलीच काच परत धुवायला लागलो. माझ्या पाठीमागून ती म्हणाली, "मी काढली, सर." डॉक्टर बसले, नळ्या आपल्या मापाला फाकवल्या, काच बघितली, बरं म्हणाले आणि गेले. अण्णा, एवढंच होतं हो ते. दोन सेकंदांचं काम.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. डबाही बाहेरच्या बाकड्यावर नेऊन खाते. चुकलं म्हणून तिला मोबाईलवर चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं. मग हा कागद घेतला, तुम्हाला भित्रा म्हणायला. तुम्ही उलट विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.