काढून ठेवलेली रॅमची पट्टी

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

शी! स्वतःचीच किळस येऊन राहिली आहे.

दुकानात दोन कॉम्प्युटर शेजारी-शेजारी मांडलेत, एकात महाग प्रोसेसर, दुसऱ्यात स्वस्त. दोन्हींवर एकच गेम लावतो, गिऱ्हाईक पाहून ठरवतं. दिसायला किती सरळ! पण सकाळी मालकानं मला स्वस्तवाल्यातून रॅमची एक पट्टी काढायला लावली. "अर्ध्या रॅमवर तो अडकते, मंग महागाचाच खपते." मी काढली, कुर्त्याच्या खिशात टाकली. नाही म्हणता आलं नाही मला? काहून?

दुपारी अड्याळची एक नर्स आली. ड्युटी संपली की गेम खेळते म्हणाली, डोळे नुसते चमकत होते. स्वस्तवाल्यावर गेम अडखळायला लागला, तशी तिनं प्रोसेसरलाच नावं ठेवली. त्या बिचाऱ्याचा काय दोष! त्या गेमला तो भरपूर होतो. उरलेले पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डात घातले असते, तर त्या पैशांचं सोनं झालं असतं. हे मला माहीत होतं, आणि मी खिशातली पट्टी चाचपत उभी.

मग तिनं मलाच विचारलं, "ताई, मले यातलं समजत नाही. तुमच्या घरी कोणता हाय?"

"महागवालाच," मी म्हणाले. हे मालकानं शिकवलेलं नव्हतं. माझ्याच तोंडातून निघालं.

घरी आले, तर पट्टी अजून खिशातच. समोर माझा कॉम्प्युटर, त्यात तोच स्वस्त प्रोसेसर, तीन वर्षांपासून. मुद्दाम तोच गेम लावून पाहिला.

कुठेच अडकला नाही.