दुसरा कॉक

दादा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली. तुमची लेक आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितेय.

आपल्या हट्टा गावाहून रोज सायकलवर साखर कारखान्यात जायचात तुम्ही, फिटर म्हणून. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा तुम्ही मला तिथला रस तापवायचा हीटर दाखवायला नेलंत. उभं लोखंडी पिंप, आत शेकडो नळ्या, नळ्यांतून उसाचा रस आणि बाहेरून वाफ. मी लगेच सांगायला लागले. तळाशी आणि माथ्याशी खण पाडले की रस वरखाली फिरतो, तेवढ्याच जागेत जास्त तापतो. तुम्ही ऐकून घेता, मग तळाचा एक कॉक, निचऱ्याची तोटी, उघडता. नळ्या धुतलेलं पाणी येतं, थांबतं. "झालं का रिकामं?" मी म्हणते, झालं. तुम्ही शेजारचा दुसरा कॉक उघडता आणि वाफाळतं पाणी जमिनीवर पसरतं. "तुमी नळ्या मोजता, पोरी. झाकण आमी खोलतो. परत्येक खणाला निघायची वाट पायजे." तिथल्या माणसांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

आता मी पुण्यात असेच हीटर आखते. दोन वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यासाठी एक आखला. तळाला एकच कॉक दिला. खणांमधल्या पडद्यांना बारीक भोकं ठेवली, त्यांतून बाकीचे खण रिकामे होतील असं धरलं. रसाचा थर बसून भोकं बुजतात हे मला माहीत होतं. पण नकाशा सुटसुटीत दिसत होता, मी सही केली. गेल्या वर्षी नळ्या धुवायला आत कॉस्टिकचं, कातडी जाळणाऱ्या सोड्याचं, पाणी उकळलं. तिथल्या फिटरनं कॉक उघडला, पाणी आलं, थांबलं. त्यानं झाकणाचे बोल्ट सैल केले. मधला खण भरलेला होता. ते उकळतं पाणी तोंडावर उडालं, त्याचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीला तो पट्ट्या बांधून आला होता. मी म्हणाले, पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचं असं हीटरसोबतच्या आमच्या सूचनांच्या पुस्तकात छापलंय, यांनी घाई केली. तो आवाजाच्या दिशेनं वळून एवढंच बोलला, "ताई, पाणी थांबलं होतं." चौकशीच्या साहेबांनी घाई असंच लिहून घेतलं. पुढच्या नकाशात मी प्रत्येक खणाला कॉक दिला. कोणी विचारलंसुद्धा नाही. म्हणजे तेव्हाही कोणी अडवलं नसतं.

मागच्या महिन्यात हिंगोलीहून बसनं पुसेगावला गेले, त्या फिटरच्या घरी. अंगणात त्याची बायको हळद निवडत होती. "कोण पायजे?" तिनं विचारलं. आतून तो म्हणाला, "कोण हाय गं?" मी म्हणाले, रस्ता चुकले. तिनं उठून मला बसथांब्याची वाट दाखवली, पाणी देऊ का विचारलं. मी परतीच्या बसमध्ये बसले.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. चौकशीत साहेब आधी माझ्या म्हणण्यावर अडले होते. "तुम्हाला काय ठाऊक फिटर लोक कसं काम करतात?" मी म्हणाले, माझे वडील हेच काम करायचे. मग त्यांनी मान डोलावली.