खाल्लेलं टिंब

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. (रीत म्हणून लिहिले आहेत, हुरळून जाऊ नकोस.) कंबर कशी आहे? शिडीवर चढताना अजून दुखते का? डोळ्यांचं विचारत नाही. ते गेल्याचा पुरावा माझ्या डोक्यावर टांगलेला आहे.

आमच्या वाचनालयातल्या नव्या कपाटाची पाटी रंगवायला मी तुला स्वच्छ अक्षरात मजकूर दिला होता: ‘मांगा. मागून वाचा.’ अरे शहाण्या, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा! त्या उजवीकडून डावीकडे चालतात, म्हणून पुस्तक आपल्या हिशेबाने मागच्या बाजूने उघडायचं. हे न कळल्यामुळे लोक आधी शेवट वाचत आणि पुस्तक उलटं बांधलंय म्हणून माझ्या अंगावर येत. कुणी पुस्तकं नेत नसेल तर कपाट अडगळीत जाईल, असं साहेबांनी बजावलं होतं. त्या कपाटासाठी मी त्यांच्याशी किती भांडले, हे तुला ठाऊक होतं. आणि तू काय केलंस? ताईचं शुद्धलेखन कच्चं असं परस्पर ठरवून टिंब खाल्लंस! ‘मागा. मागून वाचा.’ वर फोन करून म्हणतोस, ‘ताई, तुझी चूक सुधारली हं, आभार नकोत.’ आभार! (पाटी ठोकलीयस तीही अशी की भिंतीसकटच निघेल.)

तेव्हापासून लोक मागताहेत. एका काकांनी चष्मा मागितला, एका बाईंनी सुईदोरा, एका महाशयांनी तर माझी खुर्ची. (‘पाटीवर लिहिलंय ना,’ म्हणे.) ‘इथे नक्की काय मागायचं?’ हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. शेवटी जो येईल त्याच्या हातात एकेक मांगा आदळायला लागले. ‘हे मागा! आणि मागून वाचा, पुढून नाही!’ असं ओरडून घसा बसलाय. लहानपणी माझ्या चित्रांना मिशा काढायचास, तेव्हाच तुझे हात बांधायला हवे होते. रागाने लिहितेय, अक्षर लागत नसेल तर सुधारू नकोस.

तुझी (नाइलाजाने),
ताई

ता. क. कपाट रिकामं झालंय. नेलेली पुस्तकं परत करून लोक दुसरा भाग मागतात. साहेबांनी काल पाटीचं कौतुक केलं आणि ही कल्पना कुणाची, असं विचारलं. मी ‘माझी’ म्हणाले.

ता. क. २. ते तुला फोन करतील. टिंब ताईनेच काढायला लावलं, एवढंच सांग. आणि हसू नकोस, मेल्या. पाटीवर लिहिलंय म्हणून मागतेय.