सरळ पायाची साक्ष

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही दोघी बऱ्या आहोत, तूही बरी असशील. आईची तब्येत चांगली आहे, आवाज तर त्याहून चांगला आहे. दुकानात कामाचा ढीग पडलाय. लोक वर्षभर मनसोक्त खातात आणि कार्य आठवड्यावर आलं की कोट सैल करून मागतात. मग शिंपिणीने काय मरायचं?

तू पायाचं विचारशीलच, म्हणून आधीच सांगते. पाय उत्तम आहे. इतका उत्तम की पंचाईत झाली आहे.

तू पत्ता दिलेल्या व्यायामवाल्या बाईंकडे मी जाते, हे तुला कळवलं होतं. आईला कळवलेलं नाही, हे मात्र तुला कळवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "पाय आखूड नाहीच तुमचा. कंबर उजव्या बाजूने वर खेचली गेलीये." लहानपणापासून मी लंगडी, आणि पाय आखूड नाहीच! हे आईला कुठल्या तोंडाने सांगणार? मला एकदा डॉक्टरला दाखवा, एवढंच तू आईला म्हणाली होतीस. त्यावर आईने, माझ्या प्रार्थनेवर विश्वास नसेल तर या घरात राहू नकोस, असं तुला सुनावलं. त्यानंतर आजतागायत तिने तुझं नाव काढलेलं नाही.

फरक मला आरशात कळला नाही, स्कर्टवर कळला. माझे स्कर्ट मी नेहमी डावीकडे थोडे आखूड कापते, म्हणजे उभी राहिले की खालची कड सारखी दिसते. एक दिवस बघते तर डावी कड वर! आधी वाटलं, कापताना चुकलं. मग सगळे स्कर्ट घालून पाहिले. सगळेच चुकलेले. फिटिंगच्या खोलीत बसून मी खूप रडले. बाहेर गिऱ्हाईक कोटासाठी खोळंबलं होतं.

आणि मग मी काय केलं असेल? दुकानात सरळ, रस्त्यात सरळ, आणि घराचा कोपरा आला की लंगडत. चर्चमध्येही लंगडत. तू हसशील, पण खोटं लंगडणं फार अवघड असतं गं, कंबर मोडून येते. पाळकसाहेब प्रवचनात माझं उदाहरण देतात ना, देवाने दिलं त्यात समाधानी असलेली मुलगी म्हणून. मी मान खाली घालून बसायची. ते समाधान होतं की नाइलाज, हे आता मला कळेनासं झालंय.

गेल्या सोमवारी आईने खिडकीतून मला पाहिलं. मी फळवाल्याशी बोलत आपल्याच नादात, ताठ चालत येत होते. वर पोचले तर ती दारात उभी, तोंडावर पदर. "देवाने ऐकलं! देवाने ऐकलं!" मी तोंड उघडायच्या आत ती शेजारी जाऊन सांगूनही आली. संध्याकाळपर्यंत पाळकसाहेबांकडे बातमी. उद्या उपासनेत मी पुढे उभं राहून देवाने पाय बरा केल्याची साक्ष द्यायची आहे.

आता खरी गोष्ट. काल आई म्हणाली, "थोरलीला लिही. ये म्हणावं, आणि बघ म्हणावं देवाने काय केलं ते."

थोरली! तुझं नाव निघालं, ताई. मी उद्या चमत्कार म्हटलं, तर तुला घरचं दार उघडं, पण आत यायचं ते हरून. व्यायाम म्हटलं, तर ते दार कायमचं बंद होईल आणि आईचं तोंड सगळ्या मंडळीसमोर पडेल.

आणि खरं काय आहे तेही मला धड ठाऊक नाही. रोज सकाळी आई भिंतीच्या त्या बाजूला माझ्यासाठी प्रार्थना करायची, तेव्हाच मी या बाजूला दाराला कडी लावून पाय वरखाली करायची. कुणाचं लागू पडलं, कोण सांगणार? बाईंचा हात म्हणजे देवाचाच हात म्हणावा, तर बाई देवाला मानत नाहीत. त्या चिडतील.

आणखी एक, लाज सोडून विचारते. दुकानात कुणी नसलं की मी आरशासमोर नुसती चालते. छान दिसते मी. आता खांदेही सरळ हवेत असं वाटतं, मानही. ही हाव कुठे थांबणार? पाप आहे का गं हे? तू असतीस तर डोक्यात टपली मारून उत्तर दिलं असतंस.

मंगळवार

पत्र टाकलंच नव्हतं, ते बरं झालं.

रविवारी पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. मी उठले, आणि काय सांगू, पुढे जाताना खरोखरच लंगडले. भीतीने असेल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिथे उभी राहून मी सगळं सांगून टाकलं, बाई, व्यायाम, कडी, खोटं लंगडणं. तू पत्ता दिलास तेही. शेवटी म्हटलं, "देवाचे आभार मानते, पण कशाबद्दल ते नीट कळत नाही." पाळकसाहेबांनी घाईघाईने गाणं सुरू करायला लावलं.

घरी आल्या आल्या आईने खोलीत जाऊन कडी लावली. कालही तेच. आज सकाळी मी निघाले तर ती चपला घालून दारात. "चल. बघू तुझी ती बाई."

वाटलं, आता तिथे महाभारत होणार. आईने बाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही प्रार्थना करता का?"

"करते की," बाई म्हणाल्या. "पेशंटने घरी व्यायाम करावा म्हणून."

आई हसली नाही. खुर्चीवर बसली आणि तिने साडी गुडघ्यांच्या वर घेतली. ताई, मी इतकी वर्षं तिच्याबरोबर राहते, पण ते गुडघे मी पाहिले नव्हते. सुजलेले, वाकडे, कातडी काळी आणि जाड झालेली. आई म्हणाली, "हिच्यासाठी टेकता टेकता झालंय. स्वतःसाठी मागायचं कधी सुचलं नाही. हे सरळ होतील का?"

मी भिंतीला टेकले.

बाईंनी दोन्ही गुडघे हाताने चाचपले. म्हणाल्या, "पूर्ण नाही, पण दुखणं कमी होईल. घरी रोज कुणीतरी पाय धरून व्यायाम करून घ्यायला हवा. या करतील का?"

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हिला काय कळतंय? माझी थोरली नर्स आहे. ती येईल."

येशील ना?

तुझी वाट पाहणारी,
धाकटी