दारातली गाडी

तोमासाताई,

परवा तू माझ्यासाठी घरातली एकुलती एक निजायची झोळी टांगलीस आणि स्वतःला जमिनीवर चटई टाकलीस. मी मात्र कॅम्पर व्हॅनमध्ये एसी लावून झोपलो. तुझ्या घरातला सुक्या माशांचा वास मला सोसेना. तेच मासे विकून तू मला वाढवलंस.

सकाळी पत्र्याआडून शेजारची फिला ऐकू आली. "काय गं, बहिणीच्या दारात येऊन भाऊ बाहेरच निजला? आपला वास येतो वाटतं साहेबांना."

"काहीतरीच तुझं," तू म्हणालीस. "महागाची गाडी, राखायला नको? नाहीतर झोळीशिवाय त्याचा डोळा लागतो होय?"

आता किनाऱ्याने बराच पुढे आलोय. हे पत्र टाकणार नाही. तुला पत्रं फिलाच वाचून दाखवते. निदान तिच्यापुढे तुझा शब्द खरा राहू दे.

तुझा,
एरास्मो