मुकादमाचे काटे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

येणार! चिमणी येणार! मुलाचा फोन आला, सोळा तारखेला रविवारी नातीला घेऊन येतो म्हणाला. पाच महिन्यांनी! फोन ठेवला आणि घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या. सांगायला कोण आहे? मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणजे आमचा कोंबडा. हे गेले त्याच्या आदल्या वर्षी यांनी खिशात घालून आणला होता, मुठीएवढा. आता अंगण त्याचं, मी भाडेकरू.

पण मुलानं अट घातली. "आई, त्या कोंबड्याचं आधी काहीतरी कर. मागच्या वेळचं विसरलीस का?" कशी विसरेन! हा मेला चिमणीच्या अंगावर धावला, मी धावले, दंडाला धरून ओढलं पोरीला. तरी दंडातून रक्त आलंच. तेव्हापासून येणं बंद.

काहीतरी कर म्हणजे काय, ते कळतं मला. कापणार नाही मी त्याला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जनावरांच्या दवाखान्यात चालत गेले. डॉक्टरला दाढी आहे, पण आवाज अजून शाळेतला. म्हणाला, "आजी, कोंबडा राहू दे, पायामागचे काटे तेवढे बोथट करा. काटा आपल्या नखासारखाच. बाहेर टणक, आत जीव. कापू नका, घासा. टोकच घ्यायचं, धार गेली की झालं." दिवस मावळताना करा म्हणाला, तेव्हा कोंबडं गरीब होतं. टॉवेलात गुंडाळायचं, डोळे झाकायचे. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून धरायचं.

माझं लिहिणं म्हणजे गोगलगाय! म्हणून सगळं तोंडपाठ केलं. वाटभर पुटपुटत आले. भाजीवाली म्हणते, "काय हो, कुणाच्या नावानं बोटं मोडताय?"

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उजवा काटा झाला! यांची कानस पेटीत सापडली. मूठ यांच्या हातानं गुळगुळीत झालेली – धरली आणि जरा वेळ तशीच बसले. मग मुकादमाला मांडीवर घेतलं. टॉवेलातून त्याचं काळीज माझ्या मनगटावर धडधडत होतं. काट्याला बोट लावून पाहिलं. बुडाशी ऊन, टोकाला गार. म्हटलं, गार लागतंय तिथवरच घासायचं. चांगला तास गेला. टोक आता खडूसारखं.

हात आहेत अजून माझे! लसूण सोलायला मला सुरी लागत नाही, कुंडीतली माती उकरायला खुरपं लागत नाही. सून आली की विचारायची, "आई, नेलकटर देऊ का?" अगं, नखं कसली, अवजारं आहेत ती!

शनिवार, ८ फेब्रुवारी

डाव्या काट्याला घाई केली. कानस कोण फिरवत बसणार, म्हणून पक्कड लावली. जिवाला लागलं. रक्त! पीठ दाबून धरलं, थांबलं एकदाचं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आरवला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डॉक्टर घरी येऊन पाहून गेला. "आजी, घासा म्हटलं होतं ना?" बरा होईल म्हणाला. पण पाय उचलून एका कोपऱ्यात बसतो, माझ्या हातचा दाणा घेत नाही. घर इतकं गप्प की घड्याळाचा राग येतो. हे गेले त्या महिन्यात असंच होतं. तेव्हा निदान हा आरवायचा, म्हणून उठायचे मी. आता दोन दिवस वेणी घातली नाही. कुणासाठी घालू?

एकीसाठी दुसऱ्याचं रक्त काढलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आरवला! फाटका, फुटक्या भांड्यासारखा – पण आरवला! उठले, वेणी घातली, अंगण झाडलं. उद्या चिमणी!

रविवार, १६ फेब्रुवारी

आले. चिमणी उंच झाली आहे. माझ्याकडे न येता थेट अंगणात गेली आणि मुकादमाशेजारी बसली. पाठीवर हात फिरवायला लागली. मी म्हटलं, "अगं, भीती नाही वाटत?"

"तो कुठे काय करतो?"

मी हसले. जवळ घ्यायला हात पसरले. ती बापाच्या मागे गेली.

"नको आजी. तू नखं लावतेस."

मुलगा म्हणाला, "चिमणे! काय ठरलं होतं आपलं?"

मी तिची बाही वर केली. हळूच. दंडावर चार व्रण, एका ओळीत. आतल्या बाजूला पाचवा, अंगठ्याचा. मुकादमाला काटे दोनच.

मुलगा खाली बघत म्हणाला, "तुला कसं सांगायचं आई? म्हणून कोंबड्याचं नाव घेतलं."

जेवले. गेले. चिमणीनं फाटकातून हात हलवला. लांबूनच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दिवस मावळताना कानस काढली. बोट लावून पाहिलं, गार लागलं तिथवर घासलं. घाई केली नाही. दहाही झाली.