बटण सोडलं की नाही

सोमवार, ३
घरात दोन विद्वान भांडतायत. कशावरून, तर बटणाला काय म्हणायचं! नात आणि तिचा भागीदार – मी त्याला चष्मा म्हणते – जुनाट गेमच्या डबड्यासाठी नवा गेम लिहितायत. शनिवारी एका कंपनीला दाखवायचाय. पसंत पडला तर ठीक, नाहीतर पोरीनं बापाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. चिरंजीवांनी तसं जाहीरच केलंय.

गेममधलं माकड बटण धरून ठेवलं की उड्याच मारत सुटतं. का, तर चष्म्यानं 'दाबलं' लिहिलं ते 'अजून दाबलेलंच आहे' म्हणून, आणि हिनं ते 'आत्ता दाबलं' असं समजून उडी लावली. एवढं शिकून ही तऱ्हा! मी चौथीत शाळा सोडली ते बरंच केलं.

मंगळवार, ४
अजून शब्दच शोधतायत. पोरांची नावं ठेवताना आम्ही एवढा घोळ घातला नव्हता.

बुधवार, ५
ठरलं एकदाचं – 'आत्ता दाबलं', 'धरून ठेवलं', 'आत्ता सोडलं'. पडद्याच्या कोपऱ्यात तेच शब्द उमटतात, म्हणजे यंत्राला काय कळलं ते आपल्याला दिसतं. माकड आता एकच उडी मारतं. उद्या मी खेळून बघायचंय. म्हातारीला जमलं तर कुणालाही जमेल, म्हणे. आभारी आहे!

गुरुवार, ६
रिमोटवर उजव्या अंगठ्याखाली पळायचं बटण. धरलं की माकड पळतं, सोडलं की थांबतं. माझं थांबेचना – थेट खड्ड्यात! मी बटण सोडलं तरी कोपऱ्यात 'धरून ठेवलं'च. म्हटलं, तुमचे नवे शब्दही थापाच मारतात.

चष्मा म्हणाला, "आजी, तुम्ही सोडलंच नाही."

"अंगठा माझा आहे की तुझा?"

नात रडवेली होऊन सगळं पुन्हा उघडून बसली. चिरंजीव खुशीत. दुकानातली खुर्चीसुद्धा पुसून ठेवली असेल.

शुक्रवार, ७
रिमोट बदलला. नात खेळली, ठीक. चष्मा खेळला, ठीक. मी – खड्डा. नात म्हणते, चूक सापडत नाही, उद्या सकाळी फोन करून नाही म्हणून कळवते.

शनिवार, ८
तिनं फोन हातात घेतला, तेव्हा मी शेवटचं खेळत होते. बटण सोडलं आणि पहिल्यांदाच पडद्याऐवजी हाताकडे बघितलं. अंगठा बटणावरच, उचल म्हटलं तरी उचलेना. डाव्या हातानं उचलला, तेव्हा कोपऱ्यात 'आत्ता सोडलं' आलं.

तिला म्हटलं, "गेम बरोबर आहे. मीच मुद्दाम सोडत नव्हते. जा, दाखव."

शिव्या घालत गेली. डॉक्टरकडे जायचा विषय ती आल्यावर काढीन.